पक्षाचे युद्ध आणि मंत्र्याचा राजीनामा : जॉन ब्राइट व इजिप्त, १८८२

इंग्लंडचा इतिहास शिकविताना जॉन ब्राइट हे नाव बहुधा एकाच ठिकाणी येते. धान्य कायद्यांविरुद्धची चळवळ, रिचर्ड कॉबडेनचा सहकारी, मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता, एवढे सांगून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. जुलै १८८२ मधील त्याच्या राजीनाम्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकात तळटीपेपुरताही क्वचितच सापडतो. वास्तविक, स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने सुरू केलेल्या युद्धाला मंत्र्याने विरोध करावा काय, करावयाचा तर केव्हा आणि किती मोठ्या आवाजात, या जुन्या वादाचे सगळे धागे या एका प्रकरणात हाती लागतात. आणि ते युद्ध आपल्यापासून वाटते तितके दूरही नव्हते.

१८८० च्या निवडणुकीत लिबरल पक्ष सत्तेवर आला तोच मुळी डिझरायलीच्या आक्रमक परराष्ट्र धोरणावर टीका करून. मिडलोथियनच्या प्रचारसभांतून ग्लॅडस्टनने अफगाण युद्धाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली होती. त्याच ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळात ब्राइट 'डची ऑफ लँकेस्टरचा चान्सलर' होता. खाते नाममात्र होते. नाव मोठे होते. रॉचडेलच्या या क्वेकर गिरणीमालकाने क्रिमियन युद्धाला विरोध केला होता आणि त्याची किंमतही मोजली होती : १८५७ साली मँचेस्टरच्या मतदारांनी त्याला पाडले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमने त्याला निवडून दिले आणि अखेरपर्यंत ते शहर त्याच्यामागे राहिले.

इजिप्तची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयाची तर ती कर्जाची आहे. १८७५ मध्ये खेदिव्ह इस्माइलचे सुएझ कालव्यातील भाग ब्रिटनने विकत घेतले. १८७६ मध्ये इजिप्तची दिवाळखोरी उघड झाली आणि तिजोरीवर इंग्रज व फ्रेंच नियंत्रक बसले. सैन्यकपात, परकीय अधिकाऱ्यांचे भलेमोठे पगार आणि तुर्की-सर्केशियन अधिकाऱ्यांना मिळणारी बढतीतील पसंती यांविरुद्धचा असंतोष सप्टेंबर १८८१ मध्ये कर्नल अहमद उराबी याच्या नेतृत्वाखाली आबिदीन राजवाड्यासमोर प्रकट झाला. पुढे उराबी युद्धमंत्री झाला. ११ जून १८८२ रोजी अलेक्झांड्रियात दंगल होऊन अनेक युरोपीय आणि इजिप्शियन मारले गेले. बंदरात ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारे आधीपासून उभी होतीच. उराबीचे लोक किल्ल्यांची डागडुजी करीत आहेत या कारणावरून ॲडमिरल सेमूरने निर्वाणीचा खलिता दिला. फ्रेंच जहाजे बाजूला झाली आणि ११ जुलैच्या सकाळपासून ब्रिटिश तोफांनी दिवसभर भडिमार केला. त्या वेळी याच प्रश्नावर युरोपीय राष्ट्रांची परिषद कॉन्स्टँटिनोपलमध्ये चालू होती, हे विशेष.

ब्राइटने राजीनामा दिला तो १५ जुलै रोजी. १७ जुलैला कॉमन्स सभागृहात त्याने जे निवेदन केले ते अगदी लहान होते. राष्ट्रांच्या व्यवहाराला व्यक्तीच्या व्यवहाराइतकाच नैतिक नियम लागू असतो, हे आपण चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो. इजिप्तमध्ये जे घडले ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि नैतिक नियमाचा उघड भंग आहे. सबब आपणास सरकारात राहता येत नाही, असा त्याचा आशय होता. आधीच बाहेर का पडलो नाही, याचेही उत्तर त्याने दिले. प्रधानमंत्री आणि सहकारी यांच्याविषयीच्या आदरापोटी आपण शेवटच्या क्षणापर्यंत थांबलो, असे तो म्हणाला. ग्लॅडस्टनचे उत्तर सौम्य होते. तत्त्व आपल्यालाही मान्य आहे, मतभेद आहे तो या विशिष्ट प्रसंगी ते तत्त्व कसे लावावयाचे याबद्दल, अशी त्याची भूमिका होती.

या उत्तरात वादाचे मर्म आहे. ग्लॅडस्टनच्या समर्थकांच्या मते ब्राइट हा कोणत्याही किमतीवर शांतता मागणारा मनुष्य होता. अशा माणसाचा विरोध गृहीतच धरावयाचा, त्यातून सरकारच्या धोरणाविषयी काही सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद सोयीचा होता, पण खरा नव्हता. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सर्वांत ठामपणे बोलणाऱ्या इंग्रजांत ब्राइट होता. युद्धमात्राला नव्हे, तर या युद्धाच्या कारणांना त्याची हरकत होती. या आरोपाचा त्याने समाचारही घेतला.

दुसरी बाजू अधिक अवघड आहे. सेमूरला अधिकार देणाऱ्या मंत्रिमंडळात ब्राइट बसलेला होता. खलिता जाईपर्यंत तो आत होता आणि भडिमारानंतरही चार दिवस आत राहिला. धमकी पुरेल, तोफा चालवाव्या लागणार नाहीत, अशी आशा पुष्कळांना वाटत होती. पण युद्धाच्या वाटेवर सरकारला एकेक पाऊल टाकू द्यावयाचे आणि शेवटच्या पावलावर हात झटकावयाचे, हे चाळीस वर्षांच्या शिकवणुकीशी जुळणारे नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राजीनाम्यानंतरही त्याने देशभर सभा घेतल्या नाहीत, सरकार पाडण्याचा प्रयत्न केला नाही. लिबरल बाकांवरून सर विल्फ्रिड लॉसनने भडिमाराचा तिखट निषेध केला. सभागृहाबाहेर फ्रेडरिक हॅरिसनसारखे लेखक बोलत होते आणि विल्फ्रिड ब्लंट उराबीची बाजू मांडत होता. मात्र या आवाजांना एकत्र आणू शकेल असा एकच मनुष्य होता आणि तो गप्प राहिला.

परिणाम आकड्यांत दिसतो. २७ जुलै रोजी तेवीस लाख पौंडांची युद्धखर्चाची मागणी २७५ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाली. अवघ्या दोन दिवसांनी, २९ जुलैला, पॅरिसच्या प्रतिनिधिगृहाने सुएझच्या रक्षणासाठी मागितलेला खर्च प्रचंड बहुमताने फेटाळला आणि फ्रेसिने मंत्रिमंडळ कोसळले. वर्गात या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून दाखविण्यासारख्या आहेत. फ्रेंच प्रतिनिधी इंग्रजांहून अधिक नीतिमान होते असे मात्र नव्हे. जर्मनीची भीती आणि परस्परांतील चुरस यांनी तो निर्णय घडविला.

आपला संबंध येतो तो येथे. जनरल वुल्झलीच्या फौजेला मेजर जनरल मॅकफर्सनच्या हाताखालील सुमारे सात हजारांची हिंदुस्थानी तुकडी जोडण्यात आली. तिच्यासाठी मुंबईहून जहाजे सुटली. १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीर येथे उराबीचा पराभव झाला. प्रश्न उरला बिलाचा. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार सरहद्दीबाहेरील लढायांचा खर्च पार्लमेंटच्या संमतीवाचून हिंदुस्थानच्या महसुलावर टाकता येत नव्हता. ती संमती मिळविण्यात आली. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने विरोध केला तेव्हा लंडनने पाच लाख पौंडांची मदत देऊ केली. उरलेला भार येथील रयतेवर राहिला. मिडलोथियनमध्ये अफगाण युद्धाची निंदा करणाऱ्या पक्षाने हे केले, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. १८५३ आणि १८५८ साली हिंदुस्थानच्या राज्यकारभारावर पार्लमेंटमध्ये जी टीका झाली तीत ब्राइट अग्रभागी होता; या बिलाच्या वेळी मंत्रिमंडळात त्याची खुर्ची रिकामी होती.

आणखी एक तपशील इतिहासकार एच. सी. जी. मॅथ्यू यांनी ग्लॅडस्टनच्या दैनंदिन्यांच्या संपादनातून पुढे आणला : युद्धाच्या वेळी ग्लॅडस्टनच्या गुंतवणुकीपैकी सुमारे ३७ टक्के रक्कम इजिप्तच्या रोख्यांत होती. म्हणून त्याने युद्ध केले, असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण तत्त्व एकच, फक्त लावण्यात फरक, हे त्याचे वाक्य त्यानंतर पूर्वीसारखे वाचता येत नाही.

उराबीला डिसेंबर १८८२ मध्ये देहदंड सुनावून तो जन्मठेपेच्या हद्दपारीत बदलण्यात आला आणि त्याला सिलोनला पाठविले. तात्पुरता म्हणून सांगितलेला ब्रिटिश लष्कराचा तळ इजिप्तच्या भूमीवरून हलला तो १९५६ साली.

जून १८८३ मध्ये बर्मिंगहॅमने ब्राइटच्या प्रतिनिधित्वाची पंचवीस वर्षे साजरी केली. भव्य मिरवणूक निघाली, रस्त्यांवर लाखो लोक लोटले. त्याच शहराचा दुसरा खासदार जोसेफ चेंबरलेन वर्षभरापूर्वी मंत्रिमंडळात इजिप्तमधील हस्तक्षेपाचा आग्रह धरणाऱ्यांत होता आणि अजूनही मंत्री होता. समारंभात त्याने ब्राइटचा गौरव करणारे भाषण केले.