तुपाची आडवाट

मी बी.ए. झालेला कवी, सूक्ष्मदर्शकाशी माझी ओळख पुस्तकातली. पण भाकरीवरचे तूप रक्तापर्यंत कसे पोहोचते, याचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. तिचा एकेक तंतू म्हणजे रसांकुर. उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. त्याच्या मधोमध, टोकाशी बंद असलेली लसिकावाहिनी असते. तिची भिंत एका पेशीच्या जाडीची. पेशींच्या कडा झडपांसारख्या एकमेकींवर येतात आणि फटींतून स्निग्धाचे कण आत शिरतात. शेजारच्या रक्तकेशिकांत ते शिरू शकत नाहीत. म्हणून साखर रक्तातून थेट यकृताकडे जाते, तूप या आडवाटेने. तेव्हा ही वाहिनी दुधासारखी पांढरी होते.

२३ जुलै १६२२ रोजी इटलीत गास्पारे आसेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या जिवंत कुत्र्याचे पोट उघडले. आत पांढरे धागे दिसले. ते त्यांना मज्जातंतू वाटले. टोचल्यावर दुधी द्रव आला. पुढचा कुत्रा उपाशी होता. त्याच्यात काहीच दिसेना! पुन्हा खाऊ घातलेला कुत्रा तपासला, तेव्हा धागे हजर. त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर, १६२७ मध्ये निघाले. ही वाट यकृताकडे जाते असे त्यांनी मानले होते; ती छातीतून वर चढून मानेच्या तळाशी शिरेला मिळते, हे झां पेके यांनी १६५१ मध्ये मांडले.

पुढचा एक धागा आपल्या मुंबईतला. ‘ग्रेज ॲनॅटमी’ची चित्रे काढणारे हेन्री कार्टर १८५८ मध्ये मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. इथल्या काही रुग्णांची लघवी दुधासारखी होई. तिचा संबंध लसिकावाहिन्यांच्या विकाराशी आहे, असा त्यांचा लेख १८६२ मध्ये आला. अन्नातले स्निग्धच वाट फुटून वाहून जात होते. यामागे बहुधा हत्तीरोगाचे जंत असतात, हे नंतर उलगडले.

इटलीत ही वाट भरल्या पोटाने दाखवली, मुंबईत आजाऱ्यांच्या हालांनी. आपल्या नाशिकला १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याचे विद्यार्थी काचपट्टीवर हीच वाहिनी शोधतात. पुष्कळदा ती मिटलेली, चटकन न सापडणारी. त्यांनी तो उपाशी कुत्रा आठवावा. वाट त्याच्याही पोटात होती. तिच्यावरून जायला तेवढे काही नव्हते.