उपग्रहाला अंधेरी सबवे का दिसत नाही?

जोराचा पाऊस झाला की 'अंधेरी सबवे बंद' ही बातमी फोनवर येतेच. पाणी कुठे साचेल हे कॉम्प्युटरकडून आधी काढून घ्यायचं, तर त्याला शहराचा उंचीचा नकाशा द्यावा लागतो. या नकाशातल्या प्रत्येक चौकोनात एकच आकडा असतो: ती जागा किती मीटर उंचीवर आहे.

ही उंची फोटोंमधून निघते. बोट डोळ्यांसमोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं वाटेल. इस्रोने 5 मे 2005 ला सोडलेल्या कार्टोसॅट-1 वर असेच दोन कॅमेरे होते, एक 26 अंश पुढे कललेला, दुसरा 5 अंश मागे. एकाच जागेचे दोन फोटो, मध्ये साधारण 52 सेकंद. समजा घाटकोपरला 30 मीटर उंच बिल्डिंग आहे. तिची गच्ची या दोन फोटोंत 17-18 मीटर सरकलेली दिसेल. एक पिक्सेल 2.5 मीटरचा, म्हणजे सातेक पिक्सेल. सॉफ्टवेअर ही सरक मोजतं आणि उलटा हिशोब करून उंची काढतं.

ऐकायला सोपं आहे, पण उपनगरांत घोळ होतो. चिकटून उभ्या बिल्डिंगांमधली गल्ली एका फोटोत दिसते, दुसऱ्यात झाकली जाते. जोडी जुळली नाही की सॉफ्टवेअर शेजारच्या आकड्यांवरून अंदाज भरतं, आणि गल्ली पार गच्चीच्या उंचीला जाऊन बसते! शिवाय हाती येतं ते डिजिटल सरफेस मॉडेल, म्हणजे गच्च्या आणि झाडांचे शेंडे. पाणी वाहतं जमिनीवरून. म्हणून बिल्डिंगा, झाडं कापून टेरेन मॉडेल बनवावं लागतं.

सबवेचं दुखणं याहून मोठं. वरून फक्त रेल्वेचे रूळ दिसतात, खालचा रस्ता नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये तिथे खड्डाच नसतो. सलग रेल्वेमार्ग असतो आणि पाणी त्याला अडतं. कॅमेरा कितीही बारीक झाला तरी रुळांखालचं त्याला दिसणार नाही. सबवे, नाल्यांवरचे पूल, मोऱ्या यांची पातळी जमिनीवर मोजून मॉडेलमध्ये हाताने 'कापावी' लागते. हे काम किचकट, पण ते टाळलं तर पुराचा अंदाज नेमका सबवेपाशीच चुकतो.

इस्रोच्या 'भुवन' साइटवर कार्टोसॅटचं 30 मीटरचं मॉडेल फुकट मिळतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधले डोंगर त्यात छान दिसतात. तुमची गल्ली शोधू नका, एका चौकोनात 900 चौरस मीटर जागा मावते.