ग्यासच्या भट्टीवरील माणसें

शहरांत राहणाऱ्या मनुष्यास घरांत दिवा लागला म्हणजे दिव्याची आठवण होत नाहीं. तो विझला म्हणजे होते. मग तो दिवा लागावा म्हणून दूर कोठें तरी भट्टीपुढें जो उभा आहे, त्याची आठवण कोणास व्हावी? एकोणिसाव्या शतकांत लंडन शहर ज्या ग्यासच्या उजेडांत वावरत होतें आणि त्या शतकाच्या सातव्या दशकांत जो उजेड आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही येऊन पोंचला, त्याच्या मागील माणसांस आपली नोकरी कशी वाटत होती, तिच्यांत काय गोड होतें व काय कडू, हा प्रश्न राजेरजवाड्यांच्या इतिहासापुढें लहान दिसेल. परंतु 1889 सालीं ह्याच प्रश्नानें इंग्लंडांतील कामगारांच्या चळवळीस निराळें वळण लागलें, म्हणून तो थोडा विस्तारानें पाहण्याचें योजिलें आहे.

लंडनला ग्यास पुरविणाऱ्या कंपन्यांत दोन प्रमुख होत्या. थेम्स नदीच्या उत्तरेस ‘ग्यास लाइट अँड कोक कंपनी’. तिला 1812 सालीं सनद मिळाली होती व 1870 पासून बेक्टन येथें तिचा प्रचंड कारखाना चालू होता. नदीच्या दक्षिणेस ‘साउथ मेट्रोपॉलिटन’. दोहोंकडील काम सारखेंच. भाजलेल्या मातीच्या लांबट नळ्या, ज्यांस रिटॉर्ट म्हणत, भट्टींत लाल होईपर्यंत तापवावयाच्या. त्यांच्या तोंडांतून कोळसा आंत लोटावयाचा. ग्यास निघून गेला कीं उरलेला धगधगता कोक लांब लोखंडी आंकड्यांनीं बाहेर ओढावयाचा, आणि अंगाची आग निवते न निवते तोंच पुन्हां नवा कोळसा भरावयाचा. पाळी बारा तासांची. दिवसपाळी व रात्रपाळी यांची अदलाबदल रविवारीं होई, त्या वेळीं अठरा तास एकसारखें भट्टीपुढें काढावे लागत. तेव्हां ह्या माणसांचा रविवार म्हणजे झोंपेचा दिवस. बायकामुलांशीं बोलण्याचा नव्हे. भरींत भर म्हणून कायमपणा थोड्यांच्याच वांट्यास. हिवाळ्यांत रात्र मोठी व ग्यासचा खप मोठा. उन्हाळा आला कीं पुष्कळांस घरीं बसवीत, मग ते विटांच्या भट्ट्यांची वाट धरीत. एक भट्टी सुटावी ती दुसरी गांठण्यासाठीं!

असें असूनही ही नोकरी मिळावी म्हणून लोक धडपडत, हें विसरून चालणार नाहीं. गोदीवरच्या हमालास आज काम मिळेल कीं नाहीं याची सकाळीं शाश्वती नसे; ग्यासवाल्यास निदान हिवाळाभर ती असे, आणि मजुरीही बरी असे. साउथ मेट्रोपॉलिटन कंपनींत तर आजारीपणासाठीं फंड, म्हातारपणीं पेन्शन आणि वर्षांतून पगारी रजा अशा सोयी होत्या. त्या काळच्या इंग्रज मजुरास ही चैनच म्हणावयाची. ह्या सोयींचें श्रेय टॉमस लिव्हसी व त्याचा मुलगा जॉर्ज ह्यांस आहे. जॉर्ज हा ओल्ड केंट रोडच्या कारखान्याच्या सावलींतच वाढलेला; चौदाव्या वर्षीं कंपनींत शिरला आणि 1885 मध्यें तिचा अध्यक्ष झाला. आपल्याकडे धन्यास ‘मायबाप’ म्हणतात. लिव्हसी त्या शब्दास खरोखर पात्र होता. मात्र मायबापास मुलानें उलट विचारलेलें खपत नाहीं, हेंही त्या शब्दांतच आलें.

उलट विचारणारा निघाला विल थॉर्न. बर्मिंगहॅमला 1857 सालीं जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षीं दोर वळणाऱ्याकडे चाक फिरवूं लागला. शाळा त्यानें पाहिलीच नाहीं. पुढें पोटासाठीं तो लंडनपर्यंत पायीं चालत आला, कांहीं काळ लिव्हसीच्याच ओल्ड केंट रोडच्या भट्टीवर राबला आणि नंतर बेक्टनला लागला. त्यास लिहिण्यावाचण्यास मदत करणारी बाई म्हणजे कार्ल मार्क्सची कन्या एलिनोर. ग्यासवाल्यांनीं पूर्वीं एकदां, 1872 सालीं, संप केला होता. त्याबद्दल पांच जणांस कट केल्याच्या आरोपावरून बारा महिन्यांची शिक्षा फर्माविण्यांत आली. ती पुढें कमी झाली, पण धाक राहिला. तो धाक मोडून 31 मार्च 1889 रोजीं थॉर्ननें कॅनिंग टाउन येथें सभा भरविली व संघ स्थापिला.

मागणी काय करावयाची ह्यावर मतभेद होता. पुष्कळांस मजुरी वाढवून हवी होती. थॉर्न म्हणत होता कीं पैसे नकोत, तास कमी करा: बाराचे आठ. दिवसाच्या दोन पाळ्यांच्या तीन झाल्या म्हणजे बाहेर बसलेल्यांसही काम मिळेल. दरिद्री माणसें रोकड नाण्यापेक्षां झोंप व घर अधिक मोलाचें मानतील, असें कोणा शहाण्यानें सांगितलें असतें तर मीं तरी तें खरें मानलें नसतें. पण त्यांनीं मानलें. आणि नवल असें कीं, संप न होतांच कंपन्यांनीं आठ तास कबूल केले.

लिव्हसीनेंही ते दिले, परंतु संघाची सत्ता त्याच्या डोळ्यांत सलूं लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें नफ्यांत भागी देण्याची योजना काढली: ग्यासचा दर ठरीव मर्यादेखालीं जितके पेन्स उतरेल तितके टक्के बोनस वर्षाच्या मजुरीवर. त्यासाठीं प्रत्येकानें एकेकट्यानें बारा महिन्यांचा करार लिहून द्यावयाचा. संप केला कीं बोनस गेला. देणगी खरी होती आणि बेडीही खरी होती. डिसेंबरांत संप झाला. लिव्हसीनें बाहेरून माणसें आणून कारखान्याच्या आंतच त्यांच्या खाण्यानिजण्याची व्यवस्था केली, फाटकावर पोलीस. फेब्रुवारी 1890 मध्यें संप मोडला, आणि भर हिवाळ्यांत कित्येक जुन्या माणसांची जागा गेली ती गेलीच.

मला ह्या लढ्यांत कोणासही खलपुरुष ठरवितां येत नाहीं. योजना फसवी नव्हती. बोनसपैकीं कांहीं भाग कंपनीच्या शेअरांत गुंतवला जाई आणि 1898 पासून कामगारांचे निवडलेले प्रतिनिधि डायरेक्टरांच्या मंडळावर बसूं लागले. त्या काळीं ही गोष्ट विरळाच. ज्यांनीं करारावर सही केली त्यांस ती मानवली असावी. ज्यांनीं केली नाहीं त्यांसही बोनस कडू नव्हता. तो ज्या हातानें दिला जात होता त्या हातानें दुसऱ्या हातांतील संघाचें तिकीट काढून घ्यावें, हें कडू होतें.

लिव्हसी 1908 सालीं वारला. थॉर्न 1906 पासून 1945 पर्यंत पार्लमेंटांत बसला आणि 1946 च्या आरंभीं मरण पावला. 1949 च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील ग्यासचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतला, तेव्हां नदीच्या उत्तरेची कंपनी गेली व दक्षिणेचीही. भागीदारीची योजनाही तिच्याबरोबरच संपली. थॉर्ननें स्थापिलेला संघ मात्र इतर संघांशीं मिळून, नांव बदलून, आजही चालू आहे.