पुण्यात थंडी वाढणार, हे आधी कसं ओळखतात?

हिवाळ्यात पुण्यातले हवामानवेडे पुण्याच्या आधी काश्मीरकडे बघतात. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकला, की उत्तरेचे कोरडे, गार वारे महाराष्ट्रापर्यंत पोहोचू शकतात. त्याआधी अनेकदा उलटंच घडतं. ढग येतात, जमिनीची उष्णता अडते आणि रात्री उबदार होतात. ‘थंडी गायब’ अशा पोस्ट पडू लागल्या, की जाणकार स्वेटर शोधतात!

मग आकाश निरभ्र झालं आणि वारा पडला, की पहाटे पारा घसरतो. पण सगळीकडे सारखा नाही. पाषाण, एनडीए परिसर गारठतो, तेव्हा मगरपट्ट्यात बरीच कमी थंडी असते. त्यामुळे आकडा कुठल्या केंद्राचा आहे, ते आधी बघा.

आणि प्रत्येक गारठा म्हणजे ‘थंडीची लाट’ नव्हे. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं, शिवाय सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी. जानेवारीत पुण्याची सरासरीच 11 अंशांच्या आसपास असते, म्हणजे 9 अंशांना लाट म्हणता येत नाही. पुण्याचा विक्रम 1.7 अंशांचा, 17 जानेवारी 1935 चा.