कॉर्फचा किल्ला : पडलेला नव्हे, पाडलेला

डॉर्सेटच्या किनाऱ्याकडे जाताना पर्बेकच्या डोंगररांगेत एक खिंड लागते. तिच्या तोंडाशी सुमारे ५५ मीटर उंचीची एक सुटी टेकडी आहे आणि माथ्यावर कॉर्फ कॅसलचे भग्न बुरूज. ‘कॉर्फ’ या जुन्या इंग्रजी नावाचा अर्थही खिंडच. वाट अडवायची तर किल्ला इथेच हवा, हे घाटमाथ्यावरचे गड पाहिलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

१०६६ नंतर विजेत्या विल्यमने हा किल्ला बांधायला घेतला. त्याचा मुलगा पहिला हेन्री याने बाराव्या शतकाच्या आरंभी २१ मीटर उंचीचा दगडी मनोरा उभारला. पुढे जॉन राजाने इथे वाडा बांधला आणि तुरुंगही चालवला. १२०२ मध्ये फ्रान्समध्ये पकडलेल्या २२ सरदारांना त्याने इथे उपाशी मारल्याचे बखरकार सांगतात. १५७२ मध्ये एलिझाबेथ राणीने किल्ला विकला आणि १६३५ मध्ये तो सर जॉन बँक्स यांच्याकडे आला.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. बँक्स राजाच्या पदरी, घरापासून दूर. १६४३ मध्ये वेढा पडला तेव्हा किल्ला लढवला त्यांच्या पत्नीने, लेडी मेरी बँक्सने. मुली, दासी आणि मूठभर शिपाई घेऊन तिने वरून दगड आणि पेटते निखारे टाकले. सहा आठवड्यांनी वेढा उठला. १६४४ मध्ये पती वारले, तरी ती डगमगली नाही. दुसऱ्या वेढ्यात मात्र फितुरीने घात केला. आतल्याच एका अधिकाऱ्याने कुमक म्हणून शत्रूचे सैनिक आत घेतले आणि फेब्रुवारी १६४६ मध्ये किल्ला पडला. त्याच सुमारास सह्याद्रीत तोरण्यावर स्वराज्याची सुरुवात होत होती.

मार्चमध्ये पार्लमेंटने ठराव करून किल्ला पाडायचा हुकूम दिला. पायाखाली खणून सोरा, गंधक आणि कोळशाची दारू ठासली. पण दारूला एक जुना प्रतिस्पर्धी भेटला : चुना. भिंतीत घातलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषत राहतो आणि शेकडो वर्षांनी पुन्हा चुनखडीचा दगडच होऊन बसतो. त्यामुळे पाया उडाला तरी बांधकामाचा भुगा झाला नाही. एका दरवाजाचा अर्धा भाग अखंड खाली घसरला, तो आजही तसाच उभा आहे. बाहेरचे काही बुरूज कललेले दिसतात. सुटे झालेले दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले. गावातून फिरताना भिंती जरूर पाहा.

मुलांना किल्ला दाखवताना ‘जुना झाला, म्हणून पडला’ असे सांगू नका. त्याची भीती वाटली म्हणून तो पाडला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने नाशिककडच्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, तेही याच भीतीने. अलंग-कुलंगच्या तुटलेल्या पायऱ्या आणि कॉर्फचे कललेले बुरूज एकच गोष्ट सांगतात.

लेडी बँक्सच्या शौर्याचा मान राखून किल्ल्याच्या किल्ल्या तिला परत दिल्या गेल्या, असे सांगतात. बँक्स घराण्याच्या किंग्स्टन लेसी या वाड्यात त्या ठेवलेल्या आहेत. किल्ला १९८२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. स्वानेजहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने गेलात, तर बच्चेकंपनीही खूश होईल.