दोष शेडवरच का?

मराठवाड्यातल्या छोट्या रेशीम उत्पादकाची बॅच फसली की कारण आधीच ठरलेले असते: निगा कमी पडली. असे म्हणणाऱ्यांत अनुभवी मार्गदर्शक आहेत, नेमाने उत्तम कोष काढणारे शेतकरीही आहेत. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. शेडचे निर्जंतुकीकरण अर्धवट राहिले, अळ्यांना ओला पाला घातला, कात टाकण्याच्या वेळी चुन्याची धुरळणी चुकली, तर ग्रासेरी आणि फ्लॅचरी हे अळ्यांचे रोग हातपाय पसरतात. एवढे निर्विवाद आहे.

पण निगा हवीच, एवढ्यावरून प्रत्येक अपयश निगेअभावीच आले हे सिद्ध होते काय?

पेब्रिन घ्या. या रोगाने फ्रान्सचा रेशीम उद्योग खिळखिळा केला, तेव्हा 1865 मध्ये लुई पाश्चर त्याच्या अभ्यासाला लागले. रोग मादी पतंगाकडून अंड्यात उतरतो, हे त्यांनी दाखवले. उपायही सांगितला: अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, रोगट निघाली तर तिची अंडी नष्ट करा. आजही ही तपासणी अंडीपुंज तयार होतात तिथेच होते. शेतकऱ्याच्या हाती येतात ते तयार अंडीपुंज, किंवा चॉकी केंद्रातल्या लहान अळ्या. अंड्यातूनच आलेल्या रोगाचा जाब त्याच्या शेडला कोणत्या न्यायाने विचारायचा? शेड धुऊन अंडे निरोगी होत नाही.

शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली, वारा फिरला, की कीटकनाशक तुतीवर येते. रेशीम अळीही कीटकच. तो पाला खाऊन ती मरते. मोठ्या शेतकऱ्याला तुती रानाच्या मधोमध लावता येते. एकरभराच्या धन्याला चहूबाजूंनी दुसऱ्याचेच बांध!

राहिला भाव. प्रत चांगली तर दर बरा, हे खरे. पण बाजारच कोसळला तर? कोष विणून झाल्यावर साधारण दहा-बारा दिवसांत पतंग तो भेदून बाहेर येतो. मग त्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. कोष वाळवण्याची सोय नसलेला माणूस भावाची वाट पाहू शकत नाही. जालन्यात 2018 मध्ये कोष बाजार सुरू होईपर्यंत अनेकांना कर्नाटकातले रामनगरम गाठावे लागे. 2011 च्या अर्थसंकल्पाने कच्च्या रेशमावरील आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले, आयात रेशीम स्वस्त झाले. त्यात कोणाची धुरळणी चुकली होती?

वाचकांनीच निवाडा करावा. आमची मागणी एवढीच: बॅच फसल्यावर पंचनामा शेडपाशी थांबू नये. अंडीपुंजांचा लॉट तपासावा, चॉकीची नोंद पाहावी, बांधापलीकडच्या फवारणीची चौकशी करावी. अंडी सदोष ठरली, तर भरपाई ती पुरवणाऱ्याने द्यावी.