कोतवाल बुकातलं आपलं घर : सातारा-सांगलीच्या जुन्या नोंदी वाचताना

आजचा विषय घराण्याच्या इतिहासाचा आहे. पण घराणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाडे, सनदा, तलवारी येतात, तसल्या घराण्यांचा नाही. ज्यांच्या घरात एकही जुना कागद नाही, त्यांच्या घराण्याचा.

२०२३ साली आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी, मग नोव्हेंबरात तिचं काम सगळ्या राज्यापुरतं वाढवलं. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. त्यासाठी तहसील कचेऱ्यांतले, नगरपालिकांतले, शाळांतले गठ्ठे खाली उतरले, मोडी वाचणारे लोक बोलावले गेले, पानं स्कॅन झाली आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाचं काय व्हावं, हा आजचा विषय नाही आणि त्यावर बोलायला आम्हाला बोलावलेलंही नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षं ज्या वह्यांना कुणी हात लावला नव्हता, त्या एकाएकी घरबसल्या मोबाईलवर दिसू लागल्या. इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. आणि बहुतेकांनी त्या पानावरचा एकच शब्द शोधला, तो सापडला की नक्कल काढली आणि पान मिटलं. त्याच पानावर बाकी काय लिहिलं होतं, ते आज बघू.

या वह्या कसल्या? गावात असेल तर गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते जन्ममृत्यूचं रजिस्टर. शहरात असेल तर नगरपालिकेची जन्ममृत्यूची वही. सातारा नगरपालिका १८५३ ची, सांगलीची १८७६ ची. नगरपालिकेच्या वहीत पेठ सापडते, यादोगोपाळ, चिमणपुरा, सांगलीत गावभाग, खणभाग. भाड्याने राहणाऱ्यांचा माग काढायला ही पेठ फार उपयोगी पडते. गावच्या वहीत पत्ता नसतो, कारण लिहिणाऱ्याला सगळं गाव ठाऊक असायचं.

आपल्या भागाला कागद जमवण्याची परंपरा मोठी आहे. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा, त्याचे कागद वाईचे. पारसनीसांनी साताऱ्यात संग्रह उभा केला. पुढे विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. हे सगळं खरं. पण त्या कागदांत दिसतात ती सरदार, इनामदार, वतनदार, भिक्षुक अशी घरं. कुणब्याचं, रामोशाचं, महाराचं, मांगाचं, धनगराचं घर तिथे आलं तर वसुलाच्या आकड्यात नाहीतर तंट्याच्या कैफियतीत. कोतवाल बुकात मात्र सगळे एकाच पानावर, एकाखाली एक. पाटलाच्या नातवाचा जन्म आणि त्याच दिवशी गावकुसाबाहेर झालेला मृत्यू, दोन्ही त्याच शाईत. जन्ममृत्यूची खबर चावडीवर आणायचं काम गावकामगार महारांचं आणि लिहिणारा कुलकर्णी किंवा तलाठी. म्हणजे ज्याने खबर आणली त्याच्या हातात लेखणी नव्हती, हे वाचताना विसरायचं नाही.

आता शोधायचं कुठे? इथे बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर अडतात. १९३० ची नोंद 'सांगली जिल्हा' म्हणून शोधतात. मंडळी, १९३० साली सांगली जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके इंग्रजी मुलखातल्या सातारा जिल्ह्यात. सांगली गाव पटवर्धनांच्या संस्थानात. मिरजेची पुन्हा दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, धाकटीची राजधानी बुधगावला. जत वेगळं. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची. तिकडे साताऱ्याच्या बाजूला फलटण वेगळं. आणि सांगली संस्थान तरी सलग होतं का? त्याचे तालुके मंगळवेढ्यापासून तेरदाळ, शिरहट्टीपर्यंत पसरलेले, म्हणजे आज अर्धे कर्नाटकात. ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली. म्हणून कुठल्याही नोंदीला हात लावण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा : आपलं गाव त्या साली कुणाच्या अमलाखाली होतं. संस्थानी कागदात फसली सन दिसला तर त्यात ५९० मिळवायचे. फसली १३२८ म्हणजे १९१८ च्या मृगापासून पुढचं वर्ष.

एक उदाहरण सांगतो. नावं, गावं सांगत नाही, ती त्या घराची आहेत.

खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली, सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकली, हे आपण जाणतो. अशाच एका, तीन पिढ्या तमिळनाडूत असलेल्या घराने आमच्याकडे विचारणा केली. पणजोबांची जन्मनोंद हवी होती. शाळेच्या रजिस्टरात तारीख होती १ जून १९१७. आता अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, मास्तरांच्या कृपेने. त्यामुळे त्या तारखेवर आम्ही फारशी भिस्त ठेवली नाही. १९१४ ते १९१९ अशी सगळी पानं पाहिली. गाव आटपाडीकडचं, म्हणजे औंध संस्थानातलं. नोंद नाही. त्या मंडळींनी आशा सोडली होती.

मग आमच्यातल्या एकीने विचारलं, पणजोबांचं आजोळ कुठलं? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोंद बापाच्या गावात कशी असेल? आजोळ होतं खानापूर तालुक्यात, दहा-बारा कोसांवर, पण राज्य दुसरं, इंग्रजी. तिथल्या कोतवाल बुकात १९१६ च्या पावसाळ्यात नोंद निघाली : मुलगा, बाप अमुक वलद तमुक, राहणार अमुक. मुलाचं नाव नाही. बारशाच्या आधी खबर गेलेली, नाव कुठून येणार! पण बाप, आजा आणि गाव तिन्ही जुळत होतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं.

आम्ही सवयीने पुढची पानं चाळत राहिलो. आणि ऑक्टोबर १९१८ च्या पानावर तेच घर पुन्हा आलं. जन्म, मुलगी. चार ओळी खाली मृत्यू, तिच्या आईचा, वय अंदाजे वीस, कारण 'ताप'. पुढच्या पानावर त्या मुलीचा मृत्यू. त्या महिन्यात त्या लहानशा गावची मृत्यूंची पानं एरवीच्या वर्षभराइतकी होती आणि कारणाच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत ताप, ताप, ताप. हा १९१८ चा इन्फ्लुएंझा. रजिस्टरात त्याला स्वतंत्र रकाना नव्हता. पटकी, देवी, ताप, हगवण, इजा असे ठरलेले प्रकार होते, प्लेग आला तेव्हा 'ग्रंथिक सन्निपात' असं लिहू लागले. नव्या साथीला तापात बसवलं. त्यात त्या वर्षी पाऊसही गेलेला होता.

आता त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की पणजोबा आजोळी वाढले, कारण दोन घरांत भांडण होतं, आजोळच्यांनी पोर दाबून ठेवलं. दोन्ही गावांत त्यावरून येणं-जाणं तुटलेलं. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली ती मुलगी साथीत गेली आणि दोन वर्षांचं पोर तिथेच राहिलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिचं नावही माहीत नव्हतं. मृत्यूच्या ओळीत तिचं नाव होतं, पुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. वंशावळीत फक्त पुरुष होते. भांडण झालंच नसेल असं आम्ही म्हणणार नाही, नोंदवही तसं काही सांगत नाही. पण फोनवर पलीकडचे आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या गावाला एकदा जाऊन येतो.

आणि सगळ्या वह्या सापडत नाहीत, हेही सांगायला हवं. साताऱ्याच्या बाबतीत मोठी भोकं आहेत आणि त्यांनाही इतिहास आहे. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या काळात सरकारी अंमल मोडायचा म्हणून गावोगाव चावड्या जाळल्या गेल्या. चावडीबरोबर दप्तर गेलं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळली, त्यांत कुलकर्ण्यांची घरंही होती आणि घरात ठेवलेले कागदही. राहिलेल्यावर कृष्णेचं पाणी. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा नदीकाठच्या तळघरांत, कपाटांच्या खालच्या कप्प्यांत काय भिजलं असेल याची कल्पना करा. स्कॅनिंगचं महत्त्व आम्हाला तिथे कळतं. एखाद्या साली नोंद नाही म्हणजे तुमचं घर गावात नव्हतं, असा अर्थ लगेच काढू नका. आधी ती वहीच आहे का ते बघा.

काही गोष्टी झटपट सांगतो. संकेतस्थळावरची पानं म्हणजे फोटो आहेत, त्यात नाव टाकून शोधता येत नाही, पान पान बघावं लागतं. आडनाव शोधू नका, बहुधा नसतंच, 'बाळा वलद राणू' एवढंच असतं. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे आजच्या शुद्धलेखनाचा हट्ट नको. जातीच्या रकान्यात पुष्कळदा लघुरूप असतं, ते एकाच ओळीवरून ठरवू नका, त्याच हाताने लिहिलेली आणखी दहा पानं बघा, तो लेखक तो शब्द कसा मोडतो ते कळेल. आणि १८८५ च्या सातारा गॅझेटियरवर हल्ली फार बोललं जातं, तर त्यात जातवार आकडे आहेत, तुमच्या आज्याचं नाव नाही. दोन्ही वेगळे कागद आहेत.

पुरावा म्हणून छापील पीडीएफ चालत नाही. वहीचं साल, पान आणि गाव टिपून तहसीलदारांकडे किंवा नगरपालिकेत अर्ज करायचा आणि सहीशिक्क्याची नक्कल घ्यायची. समासासकट मागा. स्कॅन करताना समास कापला जातो आणि मुलाचं नाव नंतर कुणी घातलं असेल तर ते बहुतेक समासातच असतं.

मोडी येत नाही, असं तुम्ही म्हणाल. आमच्यातल्या निम्म्यांनाही पन्नाशीनंतरच आली. रोज एक तास दिलात तर तीन-चार महिन्यांत जन्ममृत्यूची वही वाचता येते, कारण त्यातले शब्द तेच तेच असतात. सुरुवात ज्या गावची माणसं आणि आडनावं तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्या आपल्याच गावच्या वहीपासून करा. आता प्रश्न घेऊ. पहिल्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.